चुकीचं इनपुट दिलं की लायब्ररी काय करते? दरवेळी वेगळंच

एक्सेल उघडा. ए१ या चौकटीत १०० लिहा, ए२ मध्ये ५०, आणि ए३ मध्ये मुद्दाम ‘माहीत नाही’ असे दोन शब्द. आता बेरीज दोन पद्धतींनी करून पाहा. ‘ए१+ए२+ए३’ असं सूत्र दिलंत तर एक्सेल हात वर करतं आणि चौकटीत ‘#व्हॅल्यू!’ अशी चूक दाखवतं. तेच ‘सम’ हे फंक्शन ए१ ते ए३ या पट्ट्यावर चालवलंत तर उत्तर येतं १५०. ना तक्रार, ना इशारा. अक्षरं असलेली चौकट त्याने परस्पर वगळली. ‘ॲव्हरेज’ चालवलंत तर येतं ७५, म्हणजे भागाकारसुद्धा तीनाने न होता दोनाने झाला.

आता ए३ चा प्रकार ‘टेक्स्ट’ करा आणि तिथे २५ लिहा. डोळ्यांना आकडा दिसतो, एक्सेलच्या लेखी तो मजकूर. अधिकच्या चिन्हाने बेरीज १७५ होते. ‘सम’ची बेरीज १५० वरून हलत नाही.

यात एक्सेलवर खापर फोडायचं कारण नाही. ‘सम’ पट्ट्यातला मजकूर वगळतं हे त्याच्या माहितीत लिहिलेलं आहे, आणि पुष्कळदा ते सोयीचंही पडतं. घोडं पेंड खातं ते वेगळ्या ठिकाणी. अधिकच्या चिन्हाचा अनुभव घेतलेला माणूस ‘सम’कडूनही ओरड होईल असं धरून चालतो. ओरड आली नाही म्हणजे आकडे ठीक असणार, असं समजून पुढच्या कामाला लागतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात हे रोजचंच आहे, आणि त्याचे शिंतोडे आपल्या स्क्रीनवर उडतात. नावाच्या जागी ‘अनडिफाइन्ड’, रकमेच्या जागी ‘नॅन’, जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी १९७०. हे सगळे एकाच आजाराचे पुरळ आहेत.

## आधी चार शब्द

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आणि आपण आपल्या प्रोग्राममध्ये उचलून वापरायचा कोड. तारखा हाताळायची लायब्ररी असते, चित्रं लहानमोठी करायची असते, सांकेतिक संदेश उलगडायची असते. तिच्यातलं एकेक काम म्हणजे एकेक फंक्शन. फंक्शनच्या हाती आपण देतो ते इनपुट. ‘हे मला जमणार नाही’ असं म्हणून फंक्शनने काम तिथेच टाकलं आणि बोंब ठोकली, तर त्या बोंबेला एक्सेप्शन म्हणतात. ते कुणी झेललं नाही तर प्रोग्राम बंद पडतो.

अवैध इनपुट म्हणजे फंक्शनला ज्याचं काही करता येत नाही असं काहीही: तेरावा महिना, आकड्याच्या जागी रिकामी जागा, किंवा ‘१२अबक’सारखं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक.

## ‘नाही’ म्हणायच्या तऱ्हा

अपुरा पत्ता लिहिलेलं पत्र घेऊन तुम्ही टपाल खिडकीवर गेलात असं समजा. खिडकीवरचा माणूस ते तिथल्या तिथे परत ढकलू शकतो. ते घेऊन, चार दिवसांनी ‘पत्ता अपुरा’ असा शिक्का मारून घरी पाठवू शकतो. अंदाजाने कुणाच्या तरी दारात टाकू शकतो. किंवा टोपलीत टाकून विसरून जाऊ शकतो.

लायब्ऱ्या नेमकं हेच करतात. पहिली तऱ्हा एक्सेप्शनची. दुसरीत उत्तराच्या जागी एखादं ठरलेलं मूल्य येतं: उणे १, शून्य, ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’, किंवा ‘नॅन’ म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’. अशा मूल्याला इथे आपण खूणमूल्य म्हणू. तिसरीत लायब्ररी स्वतःच इनपुट ‘सुधारून’ घेते. चौथीत ते गिळून टाकते.

एखाद्या कार्यालयाने यातली कुठलीही एक रीत नेमाने पाळली, तर लोक तिला सरावतात. पण एकाच इमारतीत पहिली खिडकी पत्र परत करते, दुसरी शेजारच्या दारात टाकते आणि तिसरी गप्प बसते असं असेल, तर प्रत्येक पत्रामागे स्वतः जाऊन खातरजमा करावी लागते. मग टपाल हवं कशाला?

## जवळून पाहू: एक अक्षर गेलं कुठे?

पायथॉन भाषेत मजकुरातली जागा शोधायला दोन फंक्शन्स आहेत, ‘फाइंड’ आणि ‘इंडेक्स’. शोधलेलं सापडलं तर दोन्ही सारखंच उत्तर देतात. सापडलं नाही तर ‘इंडेक्स’ एक्सेप्शन फेकतं आणि ‘फाइंड’ उणे १ देतं.

आता ईमेल पत्त्यातून @ च्या आधीचा भाग काढायचा आहे. सोपा मार्ग असा: @ कितव्या जागी आहे ते ‘फाइंड’ला विचारायचं आणि सुरुवातीपासून तिथपर्यंतचा मजकूर कापून घ्यायचा. ‘कमल@’ने सुरू होणाऱ्या पत्त्यातून ‘कमल’ मिळतं. पण कुणी नुसतंच ‘कमल’ भरलं तर? @ नाही, म्हणून ‘फाइंड’ने उणे १ दिलं. आणि पायथॉनमध्ये उणे १ ही जागा अगदी वैध आहे. तिचा अर्थ शेवटून पहिलं अक्षर. तिथपर्यंत कापलं की उरतं ‘कम’. प्रोग्राम बंद पडला नाही, कुठे लाल अक्षरं उमटली नाहीत. डेटाबेसमध्ये ‘कम’ नावाचा एक माणूस वाढला.

गंमत अशी की उणे १ हे खूणमूल्य वाईट आहे असं नाही. ज्या भाषेत उणे १ ही जागा नसतेच, तिथे पुढच्याच पायरीवर चूक उघडी पडली असती. इथे खूण आणि खरं उत्तर यांचे चेहरे जुळले.

## जावास्क्रिप्टमधली एक तारीख

जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचा आकडा करायचे तीन सरळ मार्ग आहेत. ‘१२अबक’ (अंक देवनागरी नव्हे, इंग्रजी) दिलं तर ‘नंबर’ म्हणतं नॅन, ‘पार्सइंट’ म्हणतं १२ आणि ‘बिगइंट’ एक्सेप्शन फेकतं. रिकामा मजकूर दिला तर पाटी फिरते: ‘नंबर’ शून्य देतं, ‘बिगइंट’ही शून्य देतं आणि ‘पार्सइंट’ नॅन देतं. म्हणजे ‘नंबर कडक, पार्सइंट सैल’ असा ठोकताळाही टिकत नाही. रिकाम्या जागेबाबत नेमकं उलटं आहे.

तारखेचा प्रवास तर मुळापासून पाहण्यासारखा आहे. ‘डेट’ला निरर्थक मजकूर दिला की एक्सेप्शन येत नाही, ‘अवैध तारीख’ नावाची एक वस्तू तयार होते. ती छापायला सांगितली तर ‘इन्व्हॅलिड डेट’ असे शब्द उमटतात. तिच्यातले मिलिसेकंद विचारले तर नॅन. तिचं ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने प्रमाण स्वरूप मागितलं तर मात्र एक्सेप्शन. आणि तीच तारीख जेसन स्वरूपात, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी बोलताना वापरतात त्या मजकुरात, बदलली तर गुपचूप ‘नल’ लिहिलं जातं.

हे ‘नल’ पलीकडच्या यंत्रावर पोचतं. तिकडचा कोड त्याची पुन्हा तारीख करतो. ‘नल’ म्हणजे शून्य असं धरलं जातं, आणि जावास्क्रिप्टचं कालमापन १९७० च्या सुरुवातीपासून मोजत असल्यामुळे मिळते १ जानेवारी १९७०. ग्रिनिचच्या पश्चिमेला असलेल्या संगणकावर तीच ३१ डिसेंबर १९६९ दिसते. चूक केली फॉर्मने, ती पिकली अहवालात, आणि तिथवर पोचेतो तिच्या अंगावर खऱ्या तारखेचे कपडे चढले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच: ज्या ठिकाणी चूक दिसते, तिथे शोधून काही हाती लागत नाही.

नॅनचा आणखी एक खोडसाळपणा इथेच सांगायला हवा. नॅन कशाहून लहान, मोठा किंवा कशाइतका आहे का असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येतं. म्हणून ‘वय १८ पेक्षा कमी असेल तर अडवा’ असा नियम लिहिला, तर वय नॅन असलेला माणूस आरामात आत जातो. ‘वय १८ किंवा जास्त असेल तरच सोडा’ असं लिहिलं तर तो बाहेर राहतो. कागदावर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच. नॅनच्या बाबतीत दारच वेगळं उघडतं.

## देवनागरी अंक दिले तर

मराठी कळफलकावरून कुणी ‘१२’ भरलं, की भाषाभाषांमधला फरक चांगलाच उघडा पडतो. पायथॉनचं ‘इंट’ आणि जावाचं ‘पार्सइंट’ त्याचा बारा करतात. सी शार्पचं ‘पार्स’ एक्सेप्शन फेकतं. जावास्क्रिप्ट नॅन देतं. सी भाषेतलं जुनं ‘एटूआय’ शून्य देतं.

भाषा वेगळ्या, रीती वेगळ्या, हे एक वेळ मान्य. पण पायथॉनच्या घरातच पाहा. इनपुट आकडाच आहे ना, हे तपासायला पुष्कळजण ‘इजडिजिट’ वापरतात. त्याला वर्गाचं चिन्ह दिलं, म्हणजे वरच्या बाजूला लिहिलेला छोटा २, तर ते ‘हो, अंकच आहे’ म्हणतं. तोच छोटा २ ‘इंट’कडे नेला की एक्सेप्शन. उलट ‘-५’ला ‘इजडिजिट’ नाही म्हणतं, आणि ‘इंट’ ते आनंदाने घेतं. दारावरचा पहारेकरी आणि आतला साहेब दोन वेगळ्या याद्या घेऊन बसलेत. अशा वेळी पहारेकऱ्याला विचारूच नये. थेट ‘इंट’ चालवावं आणि एक्सेप्शन आलं तर झेलावं.

## खूणमूल्यं कशी दगा देतात

वजनकाटा बिघडल्यावर त्याने ‘एरर’ दाखवलं तर ठीक. बिघडल्यावरही तो शून्यच दाखवत असेल, तर रिकामा काटा आणि बिघडलेला काटा ओळखायचा कसा? सी भाषेतलं ‘एटूआय’ हा असला काटा आहे. त्याला ‘०’ दिलं तरी शून्य, ‘अबक’ दिलं तरी शून्य. नंतरच्या ‘एसटीआरटूएल’ने ही चूक सुधारली. वाचन कुठे थांबलं ते दाखवतं, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर ‘एररनो’ या सामाईक जागी नोंदही ठेवतं.

युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या परंपरेत बहुतेक फंक्शन्स फसल्यावर उणे १ देतात आणि कारण ‘एररनो’मध्ये लिहितात. मग प्रोग्रामचा अग्रक्रम सांगणारं ‘गेटप्रायॉरिटी’ येतं, ज्याचं खरं उत्तरच उणे १ असू शकतं. तिथे आधी ‘एररनो’ स्वतः शून्य करायचं, फंक्शन चालवायचं, आणि उणे १ आलं तर ‘एररनो’ बदललं का ते पाहायचं. एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं समांतर चालवणाऱ्या ‘पीथ्रेड’ कुटुंबातली फंक्शन्स तर ‘एररनो’ला हातच लावत नाहीत, कोणती चूक झाली त्याचा क्रमांक थेट उत्तरात देतात. तिथे कुणी सवयीने ‘उणे १ आलं का?’ एवढंच तपासलं, तर त्याला एकही चूक कधीच दिसणार नाही.

विंडोजमध्ये फाइलसारखी एखादी वस्तू उघडली की तिचं ‘हँडल’, म्हणजे पुढे तिला ओळखायचा क्रमांक, मिळतं. बहुतेक फंक्शन्स फसली की हँडलच्या जागी नल येतं. ‘क्रिएटफाइल’ मात्र उणे १ देतं. सवयीने नल तपासणारा प्रोग्रामर हे उणे १ खरं हँडल समजून पुढे वापरतो. त्यावर कडी अशी की विंडोजमध्ये उणे १ चा ‘सध्या चालू असलेला प्रोग्राम’ असाही अर्थ होतो. त्या हँडलची वाट पाहायला सांगितलं, तर प्रोग्राम स्वतःच्याच संपण्याची वाट पाहत बसतो, आणि वाट पाहतोय म्हणून संपत नाही.

## याने खरंच काही बिघडतं का?

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणारी, जगभर वापरली जाणारी लायब्ररी. डिजिटल सही खरी आहे का, हे सांगणारं तिच्यात एक फंक्शन होतं. सही बरोबर असेल तर १, चुकीची असेल तर ०. आणि सहीचा साचाच मोडका असेल, तपासणीच करता येत नसेल, तर उणे १. तिन्ही उत्तरं नोंदवलेली होती. पण सी भाषेत ‘शून्य म्हणजे खोटं, बाकी सगळं खरं’ हा हाडात भिनलेला नियम. वापरणाऱ्यांनी ‘उत्तर शून्य आलं तर नाकारा’ असं लिहिलं, आणि उणे १ शून्य नसल्यामुळे मोडकी सही पास झाली. खोटी सही नीट घडवायची गरजच उरली नाही. वेडीवाकडी दिली की काम झालं. ही चूक ओपनएसएसएलच्या स्वतःच्या कोडमध्येही होती. जानेवारी २००९ मध्ये ०.९.८जे या आवृत्तीत दुरुस्ती आली. नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘बाइंड’ आणि घड्याळं जुळवणाऱ्या ‘एनटीपी’ या सॉफ्टवेअरलाही तशीच दुरुस्ती करावी लागली.

लायब्ररी लिहिणाऱ्यांना स्वतःच्या फंक्शनचं उत्तर वाचता आलं नाही, हे त्यातलं सगळ्यात बोलकं.

दुसरं उदाहरण अवकाशातलं. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर ते वाट सोडून फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. आलेली संख्या त्याहून मोठी होती.

चौकशी समितीच्या अहवालातला एक तपशील आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. त्यातल्या चार संख्यांना संरक्षण दिलेलं होतं, तीन तशाच ठेवल्या होत्या. हे विसरल्यामुळे झालं नव्हतं. त्या संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि त्या तीन संख्या एवढ्या मोठ्या होणारच नाहीत असा हिशोब होता. हिशोब एरियान ४ साठी बरोबरही होता. एरियान ५ ची सुरुवातीची वाट वेगळी होती, आडवा वेग जास्त वाढत होता, आणि जुना कोड तसाच उचलला होता.

पुढचा भाग तर जेसनमधल्या त्या तारखेसारखाच. यंत्रणेने चूक ओळखली, स्वतःचं काम थांबवलं आणि दोषाची माहिती देणारे आकडे बाहेर टाकले. मुख्य संगणकाने ते आकडे उड्डाणाची खरी माहिती समजून वाचले आणि नळकांड्यांची तोंडं पूर्ण वळवली. राखीव यंत्रणा होती. तिच्यात तोच कोड होता, म्हणून ती क्षणभर आधीच बंद पडली होती.

## ‘माहितीपत्रक वाचलं असतं तर?’

ही शंका रास्त आहे, कारण वर सांगितलेल्या बहुतेक तऱ्हा कुठे ना कुठे लिहिलेल्या आहेत. पण माणूस तीनशे फंक्शन्सची माहिती वाचून कोड लिहीत नाही. तो चार-पाच वाचतो, त्यावरून लायब्ररीचा स्वभाव ओळखतो आणि उरलेली त्या स्वभावाप्रमाणे वागतील असं धरतो. हा आळस नाही. एवढ्यासाठीच तर लायब्ररी वापरायची. विसंगत लायब्ररी नेमका हा अंदाज मोडते. शिवाय माहितीपत्रकात चांगल्या इनपुटवर पानंच्या पानं असतात आणि रिकाम्या मजकुराचं काय होईल यावर पुष्कळदा एक ओळही नसते.

## ‘थोडं उदार असलं तर काय बिघडलं?’

इंटरनेटच्या पायाभरणीत हेच तत्त्व होतं. १९८० च्या सुमारास जॉन पोस्टेल यांनी मांडलं की आपण पाठवताना काटेकोर असावं आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार. त्या काळात वेगवेगळ्या यंत्रांचं एकमेकांशी जमावं म्हणून ते उपयोगी पडलं. वेबपानांची एचटीएमएल भाषा त्याच वाटेने गेली. एखादी खूण बंद करायची राहिली तरी ब्राउझर पान दाखवतो. पण प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने उदार होता. तेच मोडकं पान एकात एक तऱ्हेने दिसे, दुसऱ्यात दुसऱ्या.

माहिती मांडायच्या एक्सएमएल भाषेने १९९८ मध्ये दुसरं टोक गाठलं: एक चूक, की वाचन बंद. सुटका मिळाली ती तिसऱ्या वाटेने. एचटीएमएल५ ने मोडकं पानसुद्धा नेमकं कसं वाचायचं याचे नियम पायरीपायरीने लिहून दिले. उदारपणा कायम राहिला, पण आता सगळे एकसारखे उदार. माझ्या मते या सगळ्या वादाचं उत्तर त्या नियमावलीत आहे. कडक की सैल हा दुय्यम प्रश्न; आधी एक काहीतरी ठरवा आणि ते लिहून ठेवा.

## ‘मग सगळीकडे एक्सेप्शन फेका, संपलं’

संपत नाही. दहा लाख तापमानांच्या यादीत एक नोंद बिघडलेली असेल, तर अख्खं गणित थांबवणं परवडत नाही. पायथॉनच्या ‘मॅथ’ लायब्ररीत ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं की एक्सेप्शन येतं; ‘नमपाय’ मध्ये त्या जागी नॅन येतं आणि सोबत इशारा. एक लायब्ररी एकेका संख्येसाठी, दुसरी मोठ्या याद्यांसाठी. दोघींचंही बरोबर आहे.

जिथे दोन्ही गरजा असतात, तिथे जोड्या करतात. सी शार्पमध्ये ‘पार्स’ एक्सेप्शन फेकतं. ‘ट्रायपार्स’ हो-नाही सांगतं. जावाच्या ‘क्यू’मध्ये, म्हणजे रांगेत, अशा तीन जोड्या आहेत: ‘ॲड’ आणि ‘ऑफर’, ‘रिमूव्ह’ आणि ‘पोल’, ‘एलिमेंट’ आणि ‘पीक’. प्रत्येक जोडीतलं पहिलं ओरडतं, दुसरं खूणमूल्य देतं, आणि हे एकाच तक्त्यात मांडलेलं आहे. ‘पांडाज’ लायब्ररीचं ‘टू_न्यूमेरिक’ आणखी सोपं करतं: मुळात ते एक्सेप्शन फेकतं, ‘कोअर्स’ असं सांगितलं तर वाईट नोंदींच्या जागी नॅन भरतं. निवड वापरणाऱ्याने केली, आणि ती कोडमध्ये वाचता येते.

जोड्यांची नावं मात्र बोलकी हवीत. ‘ट्रायपार्स’ पाहताक्षणी कळतं. ‘फाइंड’ आणि ‘इंडेक्स’ यांतलं ओरडणारं कोणतं, हे पाठच करावं लागतं.

## ‘चूक कळलीय, तर दुरुस्त का करत नाहीत?’

कारण चुकीच्या वागण्यावरही कुणाचा तरी संसार उभा असतो. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. वापरणारे पुरेसे असले, की लायब्ररीच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून असतं. रिकाम्या मजकुराचा शून्य होतो म्हणूनच ज्याचा फॉर्म चालतो, त्याचा फॉर्म दुरुस्तीच्या दिवशी बंद पडतो.

तरी काहींनी हे धाडस केलं. पीएचपीने २०२० मध्ये आठव्या आवृत्तीत चुकीच्या प्रकारचं इनपुट आलं तर भाषेतल्या अंगभूत फंक्शन्सनी एकसारखं एक्सेप्शन फेकावं असं केलं. आधी पुष्कळ ठिकाणी इशारा देऊन नल परत यायचं. त्याच आवृत्तीत ‘अबक’ आणि शून्य समान मानणंही थांबलं. मायएसक्यूएल हा डेटाबेस पूर्वी आकड्याच्या रकान्यात मजकूर आला तर शून्य भरून, फार तर इशारा देऊन पुढे जायचा, ५.७ पासून कडक पद्धत मुळातच चालू असते. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसने जुनं न मोडता २०२१ मध्ये ‘स्ट्रिक्ट’ तक्त्यांची वेगळी सोय दिली. जावानेही असंच केलं. जुनं ‘फाइल’चं ‘डिलीट’ फाइल पुसता आली नाही तर नुसतं ‘नाही’ म्हणतं. २०११ मध्ये आलेल्या ‘फाइल्स’मधलं ‘डिलीट’ कारणासह एक्सेप्शन फेकतं. जुनं अजूनही तिथेच आहे.

नव्या भाषांत हा प्रश्न सुटला असं म्हणणारेही भेटतात. रस्टमध्ये फसू शकणारं फंक्शन ‘रिझल्ट’ नावाच्या डब्यात उत्तर देतं आणि डबा उघडल्याशिवाय आतलं हाती येत नाही. हे फार चांगलं आहे. पण त्याच रस्टमध्ये ३०० या संख्येला ‘ॲज’ वापरून ८ बिटांत कोंबलं तर गुपचूप ४४ मिळतात, आणि ‘ट्राय_फ्रॉम’ने बदललं तर चूक कळते. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर चाचणीच्या बांधणीत प्रोग्राम थांबतो. प्रत्यक्ष वापराच्या बांधणीत, काही वेगळं सांगितलं नसेल तर, आकडा फिरून मागे येतो.

## लायब्ररी वापरणाऱ्याने काय करावं

वाईट इनपुटची एक ठरलेली यादी ठेवा आणि नव्या लायब्ररीतलं तुम्ही वापरणार ते प्रत्येक फंक्शन तिच्यावरून फिरवा. आकड्यांसाठी माझी यादी अशी: रिकामा मजकूर, नल, नुसत्या स्पेस, मागेपुढे स्पेस असलेला आकडा, अर्धा आकडा आणि अर्धी अक्षरं, पूर्णांकाच्या जागी दशांश, शून्य, ऋण, नॅन, अनंत, देवनागरी अंक, आणि मर्यादेवरची जोडी. ३२ बिटांसाठी ही जोडी २१४७४८३६४७ आणि त्याहून एकाने मोठी. तारखांसाठी ३१ फेब्रुवारी हवीच: पायथॉन ती नाकारतो, जावाचं जुनं ‘सिंपलडेटफॉरमॅट’ सैल असल्यामुळे ती मार्चमध्ये ढकलतं.

प्रत्येक वेळी उत्तर काय आलं, एक्सेप्शन कोणत्या प्रकारचं होतं आणि इशारा आला का, हे लिहा. आणि चौथा रकाना विसरू नका: अर्धवट काम मागे राहिलं का? पायथॉनच्या यादीत ‘एक्स्टेंड’ने मजकुराचे आकडे करत करत भर घातली आणि तिसरी नोंद फसली, तर एक्सेप्शन येतं, पण आधीच्या दोन नोंदी यादीत राहून जातात. पुन्हा प्रयत्न केला की त्या दुबार होतात.

मग बाहेरून येणारं इनपुट आणि ती लायब्ररी यांच्या मध्ये स्वतःचं एक छोटं फंक्शन घाला. लायब्ररीच्या सगळ्या तऱ्हा त्याने पोटात घ्यायच्या आणि तुमच्या कोडला एकाच रीतीने सांगायचं: धड उत्तर किंवा ठरलेली चूक. बाकीच्या कोडने लायब्ररीला थेट हाक मारायची नाही. वरची यादी चाचण्यांच्या रूपात साठवा, म्हणजे लायब्ररीची आवृत्ती बदलली की कोणतं वागणं बदललं ते त्याच दिवशी दिसेल.

## आणि लिहिणाऱ्याने?

पहिलं फंक्शन लिहायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. वापरणाऱ्याच्या चुकीवर काय करायचं, ‘सापडलं नाही’ अशा नेहमीच्या गोष्टीवर काय करायचं, आणि बाहेरचं जग फसलं (फाइल नाही, जाळं तुटलं) तर काय करायचं. तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं नकोत. तपासणी फंक्शनच्या पहिल्या ओळींत करा, काहीही बदलण्याआधी. जुन्या लायब्ररीत बदल करायचा असेल तर एका आवृत्तीत इशारा द्या, पुढच्या मोठ्या आवृत्तीत वागणं बदला.

चूक सांगणाऱ्या संदेशावर आणखी थोडा वेळ घालवा. ‘अवैध इनपुट’ एवढंच लिहिलेला संदेश मध्यरात्री वाचणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. ‘महिना १ ते १२ हवा, मिळाला १३’ यात कोणतं इनपुट, काय हवं होतं आणि काय आलं हे सगळं आहे. आलेलं मूल्य अवतरणात छापा, म्हणजे शेवटी चिकटलेली स्पेस डोळ्यांना दिसते. लांबलचक असेल तर कापून छापा. आणि ते फंक्शन पासवर्ड घेत असेल, तर मूल्य मुळीच छापू नका. हे संदेश लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, साठतात आणि लॉग पुष्कळ लोक वाचतात.